बदललेले प्राचल आणि न तपासलेले गृहीतक : संगणकीय प्रतिमाने पुन्हा पुन्हा चालविण्याच्या प्रघाताची समीक्षा
(कोयना व किल्लारी या दोन भूकंपांच्या संदर्भात)

गोषवारा

संगणकावरील अभियांत्रिकी प्रतिमानातील एखादे मूल्य बदलून ते पुन्हा चालविणे आणि आलेल्या फरकाचे तक्ते मांडणे, हा पदव्युत्तर संशोधनाचा आज सर्वाधिक रुळलेला मार्ग आहे. प्रस्तुत लेखात या मार्गाची समीक्षा केली आहे. प्रतिमान पुन्हा चालविणे हे संशोधन केव्हा ठरते आणि केव्हा ते केवळ अंकगणित राहते, हा लेखाचा मुख्य प्रश्न आहे. कोयना येथे प्रत्यक्ष नोंद व प्रत्यक्ष तडे उपलब्ध असल्याने प्रतिमानाला उत्तर द्यावे लागते. किल्लारीच्या बाबतीत अशी नोंद नसल्याने अधिक सावधगिरी हवी होती, परंतु प्रत्यक्षात प्रश्नच बाजूला पडला, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे. शेवटी परीक्षक व मार्गदर्शक यांना उपयोगी पडतील अशा काही कसोट्या सुचविल्या आहेत.

बीजसंज्ञा : प्राचल, गृहीतक, संगणकीय प्रतिमान, कोयना धरण, किल्लारी भूकंप, दगड-मातीचे बांधकाम.

१. प्रस्तावना

मराठवाड्यातील शेतकऱ्याला दुबार पेरणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पहिले बियाणे वाया गेल्यावर पुन्हा पेरायचे, तर कोणते वाण, कोणत्या वावरात, किती ओलीवर, याचा तो दहा वेळा विचार करतो. कारण प्रत्येक पेरणीला पैसा लागतो आणि हंगाम हातचा जातो. संगणकावरील प्रतिमान पुन्हा चालविण्यास मात्र आज जवळजवळ काहीच खर्च येत नाही. एका चौकटीतील आकडा पुसून दुसरा लिहिला आणि कळ दाबली, की काही मिनिटांत नवा तक्ता आणि नवा आलेख हाती येतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्या एका आकडेमोडीसाठी संशोधकाला संगणक केंद्रात पाळी लावून बसावे लागे, ती आज विद्यार्थ्याच्या खोलीतील संगणकावर होते. ही सोय निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु फेरी फुकट झाली की तिच्यामागचा विचारही स्वस्त होण्याचा धोका असतो, आणि तो धोका आपल्या परिसरातील संशोधनात प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधांचा एक ठरीव साचा आता सर्वांच्या परिचयाचा आहे. ईटॅब्स किंवा स्टॅड प्रो या संगणकप्रणालीत दहा-पंधरा मजल्यांची एक काल्पनिक इमारत उभी करायची. भूकंपक्षेत्र दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे असे बदलत ती चार वेळा चालवायची. पायथ्याशी येणारे कर्तन बल व माथ्याचे विस्थापन यांचे तक्ते द्यायचे. आणि 'क्षेत्र वाढते तसे बल वाढते' असा निष्कर्ष लिहायचा. शोधनिबंध म्हणून हाच मजकूर आठ पानांत छापला जातो. हा साचा कोणा एका विभागाचा, महाविद्यालयाचा वा व्यक्तीचा नाही. तो एक प्रघात आहे आणि प्रघात म्हणूनच त्याचा विचार व्हायला हवा. लातूर-नांदेडच्या परिसरात तो अधिक गांभीर्याने व्हायला हवा, कारण येथे भूकंप हा पाठ्यपुस्तकातील धडा नसून हजारो माणसांच्या मृत्यूचा इतिहास आहे.

२. प्राचल आणि गृहीतक

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी प्रथम दोन संज्ञांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोणतेही संगणकीय प्रतिमान म्हणजे वास्तवाची निवडक आणि सोपी केलेली गणिती आकृती. या आकृतीत काही जागा अशा असतात की तेथे वेगवेगळी मूल्ये भरता येतात : काँक्रीटचे सामर्थ्य, भिंतीची जाडी, मातीचा प्रकार, अवमंदनाचे प्रमाण, भूकंपक्षेत्राचा गुणांक. ही मूल्ये म्हणजे प्राचल. बोलीत ज्यांना आपण पॅरामीटर म्हणतो ती. परंतु मूल्ये भरण्यापूर्वीच आकृतीने काही निर्णय घेतलेले असतात : पाया अढळ आहे, विटांच्या भिंतींचा ताठरपणा मोजायचा नाही, पदार्थाला तडा जात नाही, बल दुप्पट झाले की विस्थापनही दुप्पट होते. हे निर्णय म्हणजे गृहीतके. प्राचल प्रणालीच्या पडद्यावर दिसते, त्यामुळे ते बदलण्याचा मोह होतो. गृहीतक पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे ते बदलण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : ज्या फेरीने एखादे गृहीतक पणाला लागते, ती फेरी संशोधन होय. गृहीतक जसेच्या तसे ठेवून केवळ प्राचल बदलले, आणि त्याचे उत्तर सूत्रावरून आधीच सांगता येण्यासारखे असेल, तर ती फेरी सराव म्हणून योग्य आहे, संशोधन म्हणून नाही.

वर उल्लेखिलेल्या ठरीव प्रबंधाला ही कसोटी लावून पाहू. भारतीय मानक १८९३ (भाग १) च्या २००२ आणि २०१६ या दोन्ही आवृत्त्यांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या क्षेत्रांसाठी गुणांक अनुक्रमे ०.१०, ०.१६, ०.२४ आणि ०.३६ असे दिलेले आहेत. क्षैतिज भूकंप-गुणांकाच्या सूत्रात हा क्षेत्रगुणांक सरळ गुणक म्हणून येतो. प्रतिमान रेषीय असेल आणि इतर सर्व बाबी तशाच ठेवल्या असतील, तर दुसऱ्या क्षेत्रातून तिसऱ्यात जाताना पायथ्याचे कर्तन बल ६० टक्के, चौथ्यात जाताना १४० टक्के आणि पाचव्यात जाताना २६० टक्के वाढणार, हे कागदावर एका ओळीत कळते. विस्थापनही त्याच प्रमाणात वाढते. म्हणजे चार फेऱ्या, चार तक्ते आणि चार आलेख यांतून निघालेला निष्कर्ष हा इमारतीविषयी काही सांगत नाही. तो मानकाच्या तक्त्यातील चार अंकांचे परस्परांशी असलेले प्रमाण पुन्हा सांगतो. संगणकाने येथे गुणाकार केला, एवढाच त्याचा अर्थ.

यापेक्षा गंभीर बाब अशी की जो क्षेत्रगुणांक आपण सर्वांत सहजपणे बदलतो, त्याची खरी अनिश्चितता या फेऱ्यांतून कधीच व्यक्त होत नाही. १९८४ च्या मानकानुसार किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. त्या क्षेत्रासाठी मूळ क्षैतिज गुणांक केवळ ०.०१ होता. १९९२ साली एखाद्याने लातूर जिल्ह्यातील घराचे गणित अत्यंत काटेकोरपणे केले असते, तरी त्याचे उत्तर गणिताच्या दृष्टीने अचूक आणि वास्तवाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले असते. भूकंपानंतर नकाशा बदलला. २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्र रद्द होऊन दुसऱ्यात विलीन झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. नकाशावरील रेषा हे मानवी ज्ञानाच्या त्या त्या वेळच्या मर्यादेचे चिन्ह आहे. ती रेषा हेच सत्य मानून तिच्या अलीकडे-पलीकडे फेऱ्या मारणाऱ्या प्रबंधाने हा इतिहास निदान प्रस्तावनेत तरी नोंदवायला हवा.

३. कोयना : जेथे प्रतिमानाला उत्तर द्यावे लागते

प्राचल बदलून प्रतिमान पुन्हा चालविणे हे मूलतः निष्फळ आहे, असा येथे दावा नाही. उलट, या पद्धतीचे एक अत्यंत समृद्ध उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात ६ पेक्षा अधिक रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण त्या काळच्या रीतीप्रमाणे ०.०५ हा स्थिर भूकंप-गुणांक धरून आरेखित केलेले होते. धरणाच्या आतील मार्गिकेत बसविलेल्या त्वरणमापकाने मात्र धरणाच्या अक्षाच्या दिशेने सुमारे ०.६३, नदीच्या दिशेने सुमारे ०.४९ आणि उभ्या दिशेने सुमारे ०.३४ गुरुत्वत्वरण इतकी कमाल नोंद केली. स्थिर गुणांक आणि क्षणिक कमाल त्वरण ही दोन वेगळी परिमाणे आहेत, त्यांची सरळ तुलना योग्य नव्हे. तरीही आरेखनातील कल्पना आणि प्रत्यक्ष हालचाल यांतील अंतर त्यातून लक्षात येते. धरण उभे राहिले, परंतु सांडव्याबाहेरील अनेक खंडांत वरच्या व खालच्या दोन्ही अंगांना आडवे तडे गेले. हे तडे मुख्यतः ज्या उंचीवर धरणाच्या खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फायनाइट एलिमेंट पद्धतीने धरणाचे द्विमितीय प्रतिमान तयार करून त्याला हीच नोंदलेली हालचाल दिली. पारंपरिक स्थिर गणितात जे ताण दिसत नव्हते, ते गतिक गणितात दिसले. उताराच्या बदलाजवळ काँक्रीटच्या ताणसामर्थ्यापेक्षा कितीतरी अधिक ताण येत होता. सांडव्याच्या खंडांत मात्र तसे ताण आले नाहीत, आणि तेथे मोठे तडेही गेले नव्हते. तडा कोठे जाईल हे सांगणारे प्रतिमान तो कोठे जाणार नाही हेही सांगते, तेव्हा त्याच्यावरील विश्वास वाढतो. या अभ्यासाने येथे एक गृहीतक पणाला लावले होते : भूकंपाचे बल स्थिर गुणांकाने पुरेसे मांडता येते, हे गृहीतक. ते टिकले नाही.

त्यानंतर जगभरच्या संशोधकांनी कोयनेचे हे प्रतिमान किती वेळा पुन्हा चालविले याची गणती करणे कठीण आहे. १९९३ मध्ये भट्टाचार्जी व लेजर यांनी, १९९८ मध्ये ली व फेन्व्हिस यांनी काँक्रीटच्या भंगाची आपापली प्रतिमाने कोयनेवर तपासली. अबॅकस या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत तर कोयना धरण हे नमुना-उदाहरण म्हणूनच दिलेले आहे; १०३ मीटर उंची, ९१.७५ मीटर पाणी आणि काँक्रीटचे ताणसामर्थ्य २.९ मेगापास्कल हे आकडे त्यामुळे सातासमुद्रापलीकडच्या विद्यार्थ्यांनाही परिचित झाले आहेत.

कोयनेच्या फेऱ्यांत आणि आपल्या ठरीव प्रबंधाच्या फेऱ्यांत मूलभूत फरक आहे. कोयनेचे प्रतिमान अरेषीय आहे : एका घटकात तडा गेला की त्याच्यावरील ताण शेजारच्या घटकांवर जातो, त्यातून पुढच्या तड्याची दिशा ठरते. ताणसामर्थ्य थोडे कमी केले, भंगऊर्जा बदलली किंवा अवमंदन वाढविले, तर काय होईल हे सूत्रावरून आधी सांगता येत नाही. जाळीतील घटकांचा आकार हादेखील येथे निरुपद्रवी तपशील राहत नाही. तडा गेल्यानंतरची शिथिलता भंगऊर्जेशी नीट जोडलेली नसेल, तर घटक लहान केल्यावर उत्तरच बदलते. म्हणून पहिली फेरी जाळी बदलून मारायची असते, पदार्थाचे गुणधर्म बदलून नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक फेरीच्या शेवटी प्रतिमानाला प्रत्यक्ष तड्यांसमोर उभे राहावे लागते.

तथापि कोयनेच्या उदाहरणाचाही भाबडा गौरव करू नये. भंगाची भिन्न भिन्न तत्त्वे वापरणारी अनेक प्रतिमाने उताराच्या बदलाजवळच तडा दाखवितात. म्हणजे तड्याची जागा जुळली, एवढ्यावरून कोणते तत्त्व बरोबर हे ठरत नाही; कारण भूमितीच अशी आहे की ताण तेथेच एकवटणार. अनेक प्राचले हाताशी असली की त्यांचे अनेक संच एकच उत्तर देऊ शकतात. नमुना-उदाहरणात खडकाचा पाया अढळ मानलेला असतो आणि पाण्याचा परिणाम वेस्टरगार्ड यांच्या पद्धतीने अधिकचे वस्तुमान म्हणून जोडलेला असतो. ही दोन्ही सोयीची गृहीतके आहेत. म्हणून 'आमचे उत्तर कोयनेशी जुळले' हे वाक्य प्रतिमानाच्या तपासणीची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

४. किल्लारी : जेथे नोंदही नाही आणि प्रश्नही विचारला गेला नाही

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर या परिसराला ६.२ इतक्या महत्तेचा धक्का बसला. अधिकृत आकडेवारीनुसार महाराष्ट्रात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काही अभ्यासांत हा आकडा दहा हजारांच्या जवळपास दिला आहे. बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले.

कोयनेच्या तुलनेत किल्लारीचा संशोधकापुढील पेच वेगळा आहे. मुख्य धक्क्याच्या वेळी बाधित क्षेत्रात त्वरणमापक नव्हता. जमीन नेमकी किती आणि कशी हलली, हे आपल्याला मापनाने ठाऊक नाही. नुकसानीच्या स्वरूपावरून, दूरच्या केंद्रांवरील नोंदींवरून आणि नंतरच्या लहान धक्क्यांवरून केलेले अंदाज तेवढे आहेत. अशा स्थितीत कोयनेची नोंद उसनी घेऊन ती मराठवाड्यातील इमारतीला देण्याची रीत सर्रास आढळते. परंतु ती नोंद धरणाच्या अंतर्भागातील, त्या भूकंपाच्या केंद्रापासूनच्या विशिष्ट अंतरावरील आहे. किल्लारी येथे घेतलेल्या विवराने दाखविले की तेथे दख्खनच्या कातळाची जाडी सुमारे ३३८ मीटर आहे आणि त्याखाली अतिप्राचीन खडक आहे. कोयनेत कातळाची जाडी याहून कितीतरी अधिक आहे. शिवाय आपल्याकडील अनेक गावठाणांत कातळावर मुरूम आणि त्यावर काळी माती असा थर असतो. मानकात दिलेल्या कठीण, मध्यम आणि मऊ या तीन प्रकारांपैकी एकावर खूण केली की हा थर प्रतिमानात आला, असे समजणे धाडसाचे आहे. येथे एका नोंदीने एक उत्तर देण्याऐवजी निरनिराळ्या स्वरूपाच्या अनेक नोंदी देऊन उत्तरांचा पल्ला सांगणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

परंतु नोंदीपेक्षाही मोठी उणीव प्रश्नाच्या निवडीत आहे. किल्लारीत बहुसंख्य माणसे बहुमजली इमारतींत मेली नाहीत. ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली मेली. या भिंती आत एक व बाहेर एक अशा दोन थरांच्या असत. मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या व माती भरलेली असे, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड, म्हणजे गवंडी ज्याला हेडर म्हणतात तो, क्वचितच असे. धक्क्याने दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत फुगून कोसळली. माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढत गेलेला असे. अर्धा मीटर जाडीची माती, घनमीटरला १६०० किलो धरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर ८०० किलो भार होतो. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीच्या डोक्यावर साडेनऊ टनांहून अधिक. त्या मानाने १२ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचा भार चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरतो.

या घरांच्या बाबतीत प्राचल बदलून प्रतिमान चालविणे खरोखर आवश्यक आहे, कारण उत्तर आधी ठाऊक नाही. माळवदाची माती अर्ध्या मीटरवरून वीस सेंटिमीटरवर आणली, तर भूकंपात निर्माण होणारे जडत्वबल घटते, हे उघड आहे. परंतु मातीत रचलेली भिंत बऱ्याच अंशी दगडांतील घर्षणावर उभी असते आणि घर्षण वरच्या भारावर अवलंबून असते. भार कमी केला की भिंतीची पकडही थोडी सैल होते. या दोन परस्परविरोधी परिणामांपैकी कोणता, कोणत्या उंचीवर, किती प्रभावी ठरतो, हे गुणाकाराने सांगता येत नाही. तसेच आरपार दगडांचे. दुबळ्या बांधकामासाठीच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये, जे योगायोगाने १९९३ सालचेच आहे, असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर ठेवण्यास सांगितले आहे. जुन्या भिंतीत छिद्र पाडून गज व काँक्रीटचे आरपार बंध घालताना हे अंतर किती ठेवले तर पुरेसे, आणि खर्च आवाक्यात राहील, हा गवंड्याचा व घरमालकाचा प्रश्न आहे. भूकंपानंतरच्या पाहणीत अभियंत्यांनी नोंदविले होते की लाकडी खांब-तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असलेल्या काही घरांत भिंती पडल्या तरी छत उभे राहिले. खणाच्या घराची ही जुनी रीत प्रतिमानात आणून तपासणे, हे तर आपल्याच बांधकामपरंपरेचे मूल्यमापन ठरेल.

हे काम सोपे नाही, याची जाणीव आहे. ईटॅब्समधील खांब-तुळईची चौकट येथे चालत नाही. सुट्या दगडांच्या हालचालीसाठी पीटर कुंडॉल यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या विविक्त घटक पद्धतीसारखी साधने लागतात. परंतु जे प्रतिमान सहज बसते त्यासाठी योग्य प्रश्न शोधायचा, की जो प्रश्न समोर आहे त्यासाठी प्रतिमान शोधायचे, हा निवडीचा मुद्दा आहे. आतापर्यंतची आपली निवड बहुतांशी पहिल्या बाजूची राहिली आहे.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा संभवतो की अशा प्रबंधांतून विद्यार्थी संगणकप्रणाली हाताळण्यास शिकतो आणि त्याला रोजगार मिळतो. हे खरे आहे आणि ते मोलाचेही आहे. मात्र हे काम अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकाचे आहे. प्रात्यक्षिकाला शोधनिबंधाचे रूप मिळते त्यामागे अन्य कारणे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आणले आणि प्रकाशनांची संख्या हे त्याचे एक अंग झाले. ती पद्धती पुढे बदलली, पण तिने लावलेली सवय राहिली. ज्या नियतकालिकांतून आपण लिहितो, ती महाविद्यालयीन नियतकालिकेही या सवयीपासून अलिप्त नाहीत, हे मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप असा की आज लातूर आणि नांदेड या शहरांत बहुमजली इमारती वेगाने वाढत आहेत, म्हणून त्यांचाच अभ्यास व्हायला हवा. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु मग त्या इमारती जशा आहेत तशा प्रतिमानात यायला हव्यात. तळमजला वाहनांसाठी मोकळा आणि वरचे मजले विटांच्या भिंतींनी भरलेले, ही आपल्या शहरांतील सामान्य रचना आहे. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादमधील अशा मोकळ्या तळमजल्याच्या इमारती कोसळल्या. ठरीव प्रबंधात मात्र भिंती केवळ भार म्हणून धरल्या जातात, त्यांचा ताठरपणा सोडून दिला जातो. त्यामुळे जो दोष माणसे मारतो तोच प्रतिमानातून वगळला जातो. येथे क्षेत्र बदलून चार फेऱ्या मारण्याऐवजी भिंती धरून एक आणि न धरता एक अशा दोनच फेऱ्या अधिक काही शिकवितात, कारण त्यांत गृहीतक पणाला लागते.

तिसरा आक्षेप साधनांच्या अभावाचा आहे. त्वरणमापकांचे जाळे उभारणे महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे मान्य. परंतु दगड-मातीच्या लहान भिंतीचा नमुना बांधून त्याचे संपीडन व कर्तन सामर्थ्य मोजणे, हे बहुतेक महाविद्यालयांतील उपलब्ध यंत्रावर होऊ शकते. प्रतिमानात भरायचे मूल्य परदेशी निबंधातून उचलण्यापेक्षा औसा किंवा निलंगा तालुक्यातील दगड व माती वापरून मोजलेले मूल्य, ते कितीही विखुरलेले असो, अधिक विश्वसनीय असते.

६. मूल्यमापनाच्या कसोट्या

मार्गदर्शक, परीक्षक व संपादक यांनी अशा लेखनासमोर पुढील प्रश्न ठेवावेत, असे सुचवावेसे वाटते.

(अ) पहिली फेरी मारण्यापूर्वी संशोधकाने आपला अंदाज लिहून ठेवला होता काय? जो निष्कर्ष सूत्रावरून आधीच निघतो, तो निष्कर्ष म्हणून मांडू नये.

(आ) मूळ प्रतिमान कशाशी ताडून पाहिले आहे? मापन, प्रयोग, प्रत्यक्ष नुकसान किंवा निदान एखादे मान्य नमुना-उदाहरण, यांपैकी काहीतरी हवे. मूळच न ताडलेल्या प्रतिमानाच्या पन्नास फेऱ्या पन्नास वेळा न ताडलेल्याच राहतात.

(इ) प्राचलांच्या मूल्यांचा पल्ला कोठून आला? प्रणालीत आधीपासून भरलेली मूल्ये हा आधार होऊ शकत नाही.

(ई) प्राचले एकेकटी बदलली की एकत्र? पाच प्राचलांची प्रत्येकी तीन मूल्ये घेतली, तर एकेक बदलण्यास ११ फेऱ्या पुरतात. सर्व जोड्या पाहण्यास २४३ लागतात. पहिला मार्ग स्वस्त आहे, पण माळवदाचा भार आणि भिंतीचे घर्षण यांसारखे परस्परसंबंध त्यात हरवतात. कोणता मार्ग व का, हे सांगितले पाहिजे.

(उ) जाळी व काल-पायरी बदलून उत्तर स्थिर राहते हे दाखविले आहे काय?

(ऊ) कोणते गृहीतक या फेऱ्यांत पणाला लागले? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर लेखन सराव-अहवाल म्हणून स्वीकारावे, शोधनिबंध म्हणून नव्हे.

या कसोट्या केवळ स्थापत्यापुरत्या नाहीत. पर्जन्यमान बदलून पिकाचे उत्पादन काढणारा कृषिशास्त्रज्ञ किंवा व्याजदर बदलून गुंतवणुकीचा अंदाज वर्तविणारा अर्थशास्त्रज्ञ हेही त्याच वाटेने जातात आणि त्यांच्यापुढेही हेच प्रश्न असतात.

७. समारोप

पुनर्वसित गावांतील घरांना आता तीन दशके उलटून गेली आहेत. मूळ घरांना पुढे-मागे खोल्या व पडव्या जोडल्या गेल्या. त्यांतील प्रत्येक जोडकाम भूकंपरोधक नियमांनुसार झाले असे म्हणता येणार नाही. बाधित पट्ट्याबाहेरील असंख्य खेड्यांत दगड-मातीची जुनी घरे आजही वापरात आहेत. नांदेड शहराने २००६ नंतर काही वर्षे सौम्य धक्क्यांची मालिका अनुभवली. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ महत्तेचे धक्के नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. या धक्क्यांनी मोठी हानी केली नाही; पण जमीन शांत झाली आहे असे मानण्यास आधार नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितले.

अशा प्रदेशात संगणकीय प्रतिमान हे अभ्यासाचे अत्यंत उपयुक्त साधन आहे, कारण भूकंप मुद्दाम घडवून पाहता येत नाही. प्रतिमानात मात्र तो शंभर वेळा घडविता येतो. या शंभर फेऱ्यांपैकी एखादीने तरी आरपार दगडांमधले योग्य अंतर, माळवदावरून किती माती उतरवावी याचे प्रमाण किंवा मोकळ्या तळमजल्याच्या खांबांची गरज सांगितली, तर त्या फेरीचे फळ एखाद्या कुटुंबाच्या डोक्यावरील छपरापर्यंत पोहोचते. कोयनेने प्रतिमानाला तड्यांसमोर उभे केले. किल्लारीने आपल्यासमोर ठेवलेला दगड-मातीच्या भिंतीचा प्रश्न मात्र अद्याप बहुतांशी प्रतिमानाबाहेरच आहे. तो प्रतिमानात आणणे, त्यासाठी लागणारी मापने आपल्याच प्रयोगशाळांत करणे आणि विद्यार्थ्याला पहिला आकडा बदलण्यापूर्वी आपला अंदाज लिहावयास लावणे, हे लातूर-नांदेड परिसरातील अध्यापकांच्या हातात आहे. त्यासाठी नव्या प्रणालीची वाट पाहण्याचे कारण नाही.